दरेकसाच्या अलीकडे

आमचे आबाजी भिलाईची गोष्ट सांगायला बसले की १७४१ सालापासून सुरुवात करत. स्वतः ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामाला आले १९५८ मध्ये, तुमसरहून, एक पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन. पण आधी नागपूरकर भोसल्यांच्या भास्करपंत कोल्हटकरांची फौज छत्तीसगढातल्या रतनपुरावर चालून जायची, हैहयवंशी राजा फारशी लढाई न देता शरण यायचा, मग बिंबाजी भोसले रामटेकडीवर रामाचं देऊळ बांधायचे, आणि एवढं सगळं उरकल्यावरच आबाजींची पॅसेंजर भिलाईजवळच्या दुर्ग स्टेशनात शिरायची. ‘आपण इथं काही आजचे नाही’ हे त्यांचं पालुपद. आजी भाजी निवडता निवडता म्हणायची, “तुमचा आजा त चिखल्याच्या खाणीत मँगनीज फोडत होता. तो कधी गेला फौजेत?” आबाजी तेवढ्यापुरते गप्प बसत. पुढच्या खेपेला पुन्हा १७४१.

आजीचं खरंच होतं. पण आबाजी थापा मारत होते असंही नाही. बिंबाजींनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात बसून कारभार केला, दप्तरात मराठी आणि मोडी आणली. त्यांच्यामागे नागपूरकरांनी इथं सुभेदार नेमून वसुली चालवली. १८१८ नंतर काही वर्षं इंग्रज अधिकाऱ्यांची देखरेख आली आणि ॲग्न्यूसाहेबाने मुख्य ठाणं रतनपुराहून रायपूरला हलवलं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. राज्य गेलं, पण कारकून, वकील, मास्तर, देवळांचे पुजारी अशी घरं रायपूर-बिलासपूरकडे राहून गेली. आबाजी ज्यांना ‘आपले’ म्हणत ते हे लोक. आपल्या खाणकामगार आज्याला त्यांनी परस्पर त्या यादीत घालून टाकलं होतं.

या जुन्या घरांची तऱ्हा न्यारीच. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचं मासिक निघालं. त्यामागची आडनावं बघा: सप्रे, चिंचोलकर, लाखे. आणि मासिक हिंदी! माधवराव सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही १९०१ मधली कथा हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणली जाते. पुढे त्यांनी दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. तशीच मुक्तिबोध बंधूंची गोष्ट. थोरले गजानन माधव, हिंदीतले एवढे मोठे कवी, १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवायला आले, म्हणजे आबाजी भिलाईला आले त्याच वर्षी, थोड्या अलीकडच्या गावात. धाकटे शरच्चंद्र नागपुरात राहिले आणि मराठीत लिहीत गेले. १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठीसाठी मिळाला. एका आईची दोन मुलं, आणि मधे आगगाडीचा एक रूळ. आबाजींना सप्र्यांचा अभिमान वाटे, मलाही वाटतो. फक्त एवढं दिसतं, की इथल्या मराठी माणसाला आपली भाषा राखायची म्हणजे काही कष्ट घ्यायचे असतात, हे तेव्हापासूनच कोणी मनावर घेतलेलं नाही. हिंदी ही आपल्याला येणारी आणखी एक भाषा, असा सगळा राजेशाही थाट.

याच इतिहासाची दुसरी बाजू आम्हाला दूधवाल्या बबांकडून, म्हणजे छत्तीसगढीतल्या आजोबांकडून, कळली. माझ्या बाबांना रुआबांधा सेक्टरमध्ये कारखान्याचं क्वार्टर मिळालं तेव्हा भिलाईच्या कॅम्प भागातलं आमचं बिऱ्हाड तिकडे हललं. टाउनशिपच्या कडेचा हा भाग. सेक्टर म्हणजे कंपनीच्या घरांच्या रांगा, आणि पलीकडे मूळ गाव, ज्याला सगळे बस्ती म्हणत. बबा बस्तीतले. सायकलला कॅन अडकवून यायचे, ओट्यावर टेकायचे आणि आबाजींचं भोसलेपुराण ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, “मराठा मन घलो आइन, अंगरेज मन घलो आइन. सब झन लगान लेगिन. तुंहर कारखाना ह त खेतेच ल लेगिस.” मराठे आले, इंग्रज आले, सगळ्यांनी सारा नेला, तुमच्या कारखान्याने तर शेतच नेलं. राग नव्हता आवाजात, दुधाचा हिशोब सांगावा तसं सांगितलं. आबाजींनी चहा मागवला. फौजेची गोष्ट त्या दिवशी पुढे सरकली नाही.

बबा म्हणत होते त्या कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ ला दिल्लीत सोव्हिएत सरकारशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं. या चार वर्षांत भाताच्या बांध्या मोडून कारखाना उभा राहिला. त्या चार वर्षांच्या अगदी मधे, १ नोव्हेंबर १९५६ ला, आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मात्र आबाजींच्या कथेत कधी येत नसे. तोवर दुर्ग आणि भंडारा हे एकाच प्रांताचे जिल्हे होते, राजधानी नागपूर. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. दोन वर्षांनी आबाजींनी तुमसरहून गाडी पकडली ती परराज्यात जायला. पण घरात कोणाच्या तोंडी ‘परराज्य’ हा शब्द मी ऐकला नाही. आजी तर सरळ म्हणायची, “भंडाऱ्याच्या थोडं पुढं आहे.”

सरहद्दच अशी सरकल्याची गोष्ट मी दुसरीकडूनही ऐकली आहे. माझी भाची अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्कीला असते. तिथली जुनी स्पॅनिश बोलणारी घरं अमेरिकेत आलीच नाहीत, अमेरिकाच त्यांच्या दारात आली, असं ती सांगते. सांता फे शहर स्पेनवाल्यांनी १६१० च्या सुमारास वसवलं, स्थानिक प्युब्लो लोकांच्या मुलखात घुसून. तिथेही बबांसारखं बोलणारं कोणीतरी असणारच. पुढे १८४८ च्या तहाने मेक्सिकोने तो मुलूख अमेरिकेला दिला आणि कालचे राज्यकर्ते एका सहीनिशी देशाच्या हिशोबात अल्पसंख्य झाले. नंतर शेतात, रेल्वेत, बांधकामावर मजुरीसाठी मेक्सिकोतून माणसं येत राहिली. जुनी घरं आजही काही वेळा या नव्यांपासून स्वतःला वेगळं काढतात: आम्ही मूळ स्पॅनिश, ते मेक्सिकन. भाचीने हे सांगितलं तेव्हा मला आबाजी आठवले आणि हसू आलं. आमचे आबाजी बरोब्बर उलटे. मजुरीला आलेले, आणि सांगायचे राज्यकर्त्यांची वंशावळ.

पण एका बाबतीत ती माणसं आपल्यापेक्षा सावध निघाली. १९१२ मध्ये न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा त्यांनी राज्यघटनेतच लिहून घेतलं, की शिक्षकांना इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही शिकवावं, स्पॅनिश वंशाच्या मुलांना शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, आणि पुढची वीस वर्षं कायदे दोन्ही भाषांत छापावेत. तरीही पुढे शाळांतून स्पॅनिश बोलल्याबद्दल पोरांनी मार खाल्ला, आणि तिसऱ्या पिढीतल्या पुष्कळांना ती भाषा नीट येत नाही, हेही तितकंच खरं. कागदावर हक्क आपल्यालाही मिळाला होता. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ ची नवी राज्यं केली, तिनेच ३५० (अ) हे कलम घातलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी. आमच्या ब्लॉकमध्ये हे कलम कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी कोणी अर्ज केला असता असं मला वाटत नाही. अर्ज करायला आधी आपण अल्पसंख्य आहोत हे वाटायला हवं.

आणि भिलाईत ते वाटायला जागाच नव्हती. खाली तेलुगू, वर बंगाली, समोर केरळचे, कोपऱ्यावर बिहारच्या आऱ्याचे. सगळेच उपरे. हिंदीही खरं तर तिथली नव्हे. बस्तीची भाषा छत्तीसगढी. हिंदी ही शिफ्टची, रेशन दुकानाची, जिन्यातल्या भांडणाची भाषा होती. आबाजी तर रशियन साहेबांच्या हाताखाली ‘खराशो’ आणि ‘दवाय’वर दिवस काढल्याचं सांगत. कोणी कोणाची भाषा दाबत नव्हतं, म्हणून कोणी जपण्याच्या भानगडीतही पडलं नाही, असं म्हणावं तर तेही खरं नाही. बंगाल्यांनी सेक्टर ६ मध्ये कालीबाडी उभारली, मल्याळी मंडळींनी सेक्टर २ मध्ये अय्यप्पाचं देऊळ, तेलुगू लोकांनी सेक्टर ५ मध्ये बालाजी. त्या आवारांत देवासोबत भाषाही नांदली. वर्षातून एकदा गावी जायला मिळणारी ही माणसं. दोन दोन रात्रींचा प्रवास. त्यांना घर इथंच बांधावं लागलं.

आम्हाला बांधायची गरज पडली नाही, कारण नागपूर होतं. दुर्गाहून अडीचशेच्या वर किलोमीटर, पाच-सहा तास. सकाळी निघालं की दुपारी मामाच्या दारात. राजनांदगाव, डोंगरगड, बोरतलाव. मग घाट, जंगल, बोगदा, आणि दरेकसा. तिथून पाट्या मराठी. दरेकसा आलं की आजी खिडकीशी सरसावून बसायची आणि चहावाल्याशी, तिकीट तपासनिसाशी, समोरच्या अनोळखी बाईशी एकदम तुमसरी मराठीत सुरू व्हायची. दिवाळी अंक, कालनिर्णय, पोळ्याला पोरांसाठी लाकडी बैल, मुलींची स्थळं, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं नागपुरातून यायचं नाहीतर नागपुरात व्हायचं. भाषाही आम्ही तिथंच ठेवून दिली होती. लागली की जाऊन आणू, अशा भरवशावर. माझं ठाम मत आहे की लांबच्या लोकांच्या भाषा भिलाईत आमच्यापेक्षा बऱ्या टिकल्या त्या याच कारणाने. आम्हाला जवळपणाने बुडवलं.

दुसरं कारण कंपनीचं क्वार्टर. नोकरी आहे तोवर घर. निवृत्त झालं की किल्ली परत. वर्षानुवर्षं हाच क्रम. त्यामुळे ज्यांच्या तोंडी भाषा मुरलेली होती ती माणसं साठीच्या आसपास सामान बांधून निघून जात, बहुतेक नागपूरकडे, आणि नव्या मुलांच्या वाट्याला आजी-आजोबा सुट्टीपुरतेच उरत. दोन हजार सालानंतर कंपनीने काही क्वार्टरं दीर्घ मुदतीच्या लीजवर दिली. बाबांनी घेतलं, म्हणून आम्ही राहिलो. तोवर समोरच्या रांगेतली मराठी घरं पांगली होती. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगढची लोकसंख्या अडीच कोटींच्या वर गेली. त्यात मराठी सांगणारे एक टक्काही नाहीत.

एक जागा मात्र या सगळ्या हिशोबात बसत नाही. आबाजींबरोबर विदर्भातून जी माणसं आली त्यांत बौद्ध पुष्कळ होते. ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर अवघ्या दोनेक वर्षांत, नव्या धर्मासह नव्या शहरात. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला ती दिसत नसत, आणि का दिसत नाहीत हे आमच्यात कोणी विचारत नसे. जातीचं अंतर ट्रंकेतून तेवढं नीट सांभाळून आणलं होतं. पण माझ्या ऐकण्यात भिलाईतली सर्वांत रसरशीत मराठी १४ एप्रिलला विहाराबाहेरच ऐकू येते. ज्यांना नागपूरशी नातं दिवाळी अंकापुरतं ठेवायचं नव्हतं, ज्यांची दीक्षाभूमीच तिथं होती, त्यांच्या पोरांना भीमगीतं तोंडपाठ. दसऱ्याला दुर्गाहून जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. त्या डब्यात दरेकसा यायची वाट कोणी बघत नाही. दुर्ग सुटलं की गाणी सुरू. आबाजींना भोसल्यांऐवजी याच माणसांना ‘आपले’ म्हणायला हरकत नव्हती. एकाच खाणीतून, एकाच गाडीने आलेली होती.

अलीकडे आमच्याकडे गणपतीत पुन्हा एकांकिका बसवायला घेतली. पोरं तिसऱ्या-चौथ्या पिढीची. देवनागरी वाचतात, त्यामुळे संहिता हातात धरतात झोकात. पण वाक्य तोंडातून निघतं ते हिंदीच्या चालीवर, आणि ‘ळ’ आला की सगळे एकमेकांकडे बघतात. तालमीला उच्चार सुधारायला आणि प्रयोगाला पडद्यामागून वाक्यं पुरवायला कोणीतरी हवं होतं. आमच्यातल्या दोघी-तिघींनी गुडघे आणि नातवंडं पुढे केली. शेवटी ते काम आमच्या खालच्या क्वार्टरमधल्या तेलुगू अक्कांनी घेतलं. लग्न होऊन आल्या तेव्हा विशीच्या होत्या, दुपारभर आजीपाशी बसून कुरडया-शेवया घालायच्या. मराठी तिथंच शिकल्या, तीही तुमसरची. आता त्या तालमीत नायकाला दरडावून सांगतात, “काऊन पुटपुटून राहिला बे? जोरात बोल!” आणि संहितेत नसलेलं हे वाक्य नायकाने परवा जसंच्या तसं म्हणून दाखवलं.