५ किलोमीटरचे पाणी

कचेरी सुटल्यावर करंजाळेच्या किनाऱ्यावर घटकाभर बसायची माझी जुनी सवय. हल्ली तिथे एक नवे दृश्य दिसते. आपल्यासारखाच कामावरून सुटलेला एखादा तरुण प्लास्टिकची रंगीत कयाक वाळूतून ओढत आणतो, लाट फुटून सरली की चटकन बसतो, वल्हे मारत फेसापलीकडे जातो आणि गळ टाकतो. काळोख पडायच्या आत दोन-चार मासे घेऊन परत!

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची, सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली. पण फुटत्या लाटेतून होडी बाहेर काढण्याची विद्या गोव्याला नवी नाही. आमच्या रापणकारांच्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. खिळ्यांची होडी लाटांच्या माराने खिळखिळी होते. शिवलेली होडी थोडी लवते आणि धक्का पचवते.

रापण म्हणजे गावाचे काम. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर धरायचे, होडीने जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढायचे आणि दुसरे टोक दूरवर किनाऱ्याला आणायचे. मग दोन्हीकडून माणसे ओढू लागत. त्यात तारले, बांगडे येत. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा ठरलेला. हात लावायला आलेला शेजारीसुद्धा रिकामा परतत नसे. हे सगळे चाले ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यावर.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि पुढे सरकारी मदतीने यांत्रिक ट्रॉलर आले. परदेशात सुंगटांना चांगला भाव होता. आणि सुंगटे राहतात कुठे? उथळ पाण्यातच! त्यामुळे खोल समुद्रात जाण्याची ताकद असलेले ट्रॉलर किनाऱ्याजवळच घिरट्या घालू लागले. त्यांचे जाळे तळ खरवडत जाते. लहान मासळीही त्यात सापडते आणि वाटेत रापणकाराचे जाळे आले तर तेही फाटते. सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर भांडणे पेटली, ती यामुळे.

रापणकार संघटित झाले. पेशाने शिक्षक असलेले माथानी साल्ढाणा त्यांचे नेते झाले. मोर्चे निघाले, उपोषणे झाली. मागणी साधी होती : यंत्राने खोल समुद्रात जावे, किनाऱ्याजवळचे पाणी हाताने मासेमारी करणाऱ्यांना सोडावे. अखेर १९८० साली गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंतचे पाणी यांत्रिक बोटींना बंद झाले. केरळनेही त्याच वर्षी असा कायदा केला, महाराष्ट्राने १९८१ मध्ये. गोव्याच्या रापणकारांनी सुरू केलेली लढाई देशभरच्या मच्छीमारांची झाली होती.

कायदा झाला म्हणून सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. समुद्रात कुंपण घालता येत नाही. रात्रीच्या काळोखात ५ किलोमीटर कोण मोजणार? शिवाय नव्या युक्त्या येतच राहिल्या. झगझगीत एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारला २०१७ साली बंदी आणावी लागली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. साल्ढाणा २०१२ च्या मार्चमध्ये मंत्री झाले आणि त्याच महिन्यात वारले.

कयाकवाल्या तरुणाला हा इतिहास ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. तो हौसेने जातो, रापणकार पोटासाठी जात. पण ज्या पाण्यात तो गळ टाकतो, ते लहान होडीसाठी कोणीतरी भांडून राखलेले आहे. पुढच्या वेळी भेटला तर त्याला हे सांगेन म्हणतो. त्या पाण्यावर नजर ठेवणारे दोन डोळे तरी वाढतील!