ओस्तिया येथील प्राचीन बंबखाना

रोम शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें १५ मैलांवर, टायबर नदीच्या मुखाशीं, ओस्तिया नांवाचें बंदर होतें. तेथें इ. स. १८८८-८९ सालीं रोदोल्फो लान्चियानी या संशोधकानें केलेल्या उत्खननांत एक मोठी चौसोपी इमारत उघडकीस आली. मध्यें चौक, भोंवतीं सोपे, सोप्यांमागें ओळीनें खोल्या. लांबी सुमारें ७० मीटर व रुंदी ४० मीटर. आपल्याकडील एखाद्या वाड्याची आठवण व्हावी अशी ही वास्तु कोणा सरदाराची नसून आग विझविणाऱ्या शिपायांचें ठाणें होती, हें तेथें सांपडलेल्या शिलालेखांनींच ठरविलें. डोमिशियन बादशहाच्या काळीं त्याच जागीं असलेल्या इमारतीवर हेड्रियन (इ. स. ११७-१३८) याच्या अमदानींत ही नवी उठविण्यांत आली. आपल्याकडे तो सातवाहनांचा काळ होय.

ओस्तिया हें कांहीं राजधानीचें शहर नव्हे. मग त्यास सरकारी बंबखाना कां मिळावा? खुद्द रोममध्यें ऑगस्टसनें इ. स. ६ सालीं गुलामगिरींतून मुक्त झालेल्या लोकांच्या सात तुकड्या उभारल्या; रात्रीं गस्त घालणें व आग विझविणें हें त्यांचें काम. परंतु राजधानीस जें मिळालें तें इतरांस मिळालें नाहीं. आशिया मायनरमधील निकोमीडिया शहरास मोठी आग लागून अनेक घरें व दोन सार्वजनिक इमारती जळाल्या, त्या वेळीं तेथें एक पंप वा एक बादलीहि नव्हती. प्रांताधिकारी प्लिनी यानें १५० कारागिरांची एक अग्निशामक मंडळी स्थापण्याची परवानगी ट्रेजन बादशहाकडे मागितली. बादशहानें ती नाकारली. अशा मंडळ्या पुढें राजकारणाचे अड्डे होतात, सबब साहित्य ठेवा आणि घरमालकांकडूनच काम करून घ्या, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. हा पत्रव्यवहार सुदैवानें शिल्लक राहिला, म्हणून ओस्तियाच्या इमारतीचें महत्त्व कळतें.

निकोमीडियास जें नाकारलें तें ओस्तियास त्यापूर्वींच, क्लॉडियस (इ. स. ४१-५४) याच्या वेळीं, न मागतां मिळालें होतें. आग विझविण्यासाठीं त्यानें ओस्तिया व पुतेओली या दोन बंदरांत एकेक तुकडी ठेवल्याचें सुएतोनियस लिहितो. ही दोन्ही बंदरें रोमच्या धान्याचीं. परदेशांतून आलेला गहूं तेथें उतरे व कोठारांत भरला जाई. तीं कोठारें पेटलीं तर राजधानींत दंगा होणार, हें क्लॉडियसला अनुभवानें ठाऊक होतें. धान्याच्या टंचाईंत लोकांनीं त्याला भर चौकांत गांठलें होतें. तेव्हां हा बंबखाना ओस्तियाच्या रहिवाशांसाठीं नसून रोमच्या भाकरीसाठीं होता, असें आमचें मत आहे. रहिवाशांस त्याचा लाभ झाला असेल, पण तो आनुषंगिक.

येथें कौटिलीय अर्थशास्त्राचें स्मरण होतें. श्यामशास्त्री यांच्या हातीं १९०५ सालीं आलेली व १९०९ सालीं छापून निघालेली ती पोथी प्रत्येक पोथीसंग्राहकाच्या परिचयाची आहे. तिच्या दुसऱ्या अधिकरणांतील नागरिकाच्या प्रकरणांत घडे, द्रोणी, शिडी, परशु, सूप, अंकुश, चामड्याची पखाल इत्यादि साहित्य घरोघर ठेवण्याची आज्ञा आहे; न ठेवल्यास दंड. आग लागल्यावर जो घरमालक धांवून जाणार नाहीं त्यास १२ पण, भाडेकऱ्यास ६ पण. रस्त्यांत, चव्हाट्यावर, वेशींपाशीं आणि राजाच्या मालकीच्या जागीं पाण्याच्या घड्यांच्या रांगा ठेवाव्यात. ग्रंथाच्या काळाचा वाद बाजूस ठेवला तरी ही पद्धत ट्रेजनच्या उत्तराशीं जुळते: भार गृहस्थावर, पगारी पथकाचें नांव नाहीं. राजाच्या जागांची काळजी मात्र कौटिल्यालाहि आहेच!

ओस्तियाच्या ठाण्यांतील शिपाई गांवचे नव्हते. रोमच्या तुकड्यांतून पाळीपाळीनें ते पाठविले जात, आणि लेखांत या पथकास ‘वेक्सिलातिओ’ म्हटलें आहे. त्यांची संख्या चारशेंच्या आसपास असावी, असा विद्वानांचा अंदाज आहे. चौकाच्या पश्चिमेस बादशहांच्या पूजेचें देवघर असून त्याच्यापुढें बैलाच्या बळीचें चित्र काळ्यापांढऱ्या खड्यांनीं जमिनींत जडविलेलें आहे. आंत अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलियस, लुसियस व्हेरस व सेप्टिमियस सेव्हेरस यांच्या पुतळ्यांचे चौथरे सांपडले, आणि त्यांवरील लेखांमुळें ठाण्याचा काळ निश्चित करतां येतो. याच इमारतीच्या शौचकूपांत भाग्यदेवतेचें एक छोटें देवालय आहे. रोमच्या चवथ्या तुकडीच्या एका हुद्देदारानें नवस फेडून तें अर्पण केल्याचा लेख त्यावर कोरलेला आहे. बादशहांच्या चौथऱ्यांवरील लेख सरकारी रिवाजाचे. हा लेख कोणा एका शिपायानें आपल्या मनानें लिहविलेला. नवस कशाचा, तें मात्र त्यानें लिहिलेलें नाहीं.