चित्रांचा शोध आणि नांवाची खूण

पुस्तक शोधणाराचें काम तुलनेनें सोपें असतें. ग्रंथकर्त्याचें नांव, ग्रंथाचें नांव, पोटांतील मजकूर, यांपैकीं कांहीं ना कांहीं त्याच्या हातीं लागतें. चित्र मात्र मुकें असतें. त्यांत काय आहे हें कोणी तरी शब्दांत लिहून ठेवलें, तरच पुढें दुसऱ्या कोणास तें मागतां येतें. आज कोट्यवधि चित्रें संगणकीय संग्रहांत सांठलीं आहेत. पण त्यांच्या शोधाची ही अडचण संगणकाहून पुष्कळ जुनी आहे.

न्यू यॉर्क शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानें १९१५ सालीं चित्रांचा स्वतंत्र संग्रह सुरू केला. पुस्तकांतून व मासिकांतून कापून काढलेलीं चित्रें विषयवार लावावीं आणि मागेल त्यास घरीं न्यावयास द्यावीं, अशी त्याची रीत होती. १९२९ पासून १९६८ पर्यंत रोमाना जाविट्झ या बाई त्याच्या प्रमुख होत्या. तेथें येणारा नेपथ्यकार किंवा जाहिरातींचा चित्रकार विशिष्ट कलावंताचें चित्र क्वचितच मागे. त्यास हवें असे एकादें जुनें दार, एकादी टोपी, पावसांतला एकादा रस्ता. हें ओळखून जाविट्झबाईंनीं पंडितांच्या परिभाषेऐवजीं मागणाराच्या तोंडचे शब्द शीर्षकांसाठीं घेतले. हीं शीर्षकें पुढें हजारोंच्या संख्येनें वाढलीं.

तथापि नांव देणारास जें ठाऊक नसेल, तें शोधणारास सांपडत नाहीं. याचें बोलकें उदाहरण १९३६ सालचें आहे. त्या वर्षीं डोरोथिआ लँग या छायाचित्रकार बाई अमेरिकन सरकारच्या कामावर असतां कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर गेल्या. तेथें त्यांनीं एका मातेचीं व तिला बिलगलेल्या मुलांचीं छायाचित्रें घेतलीं. टिपणांत लिहिलें गेलें तें इतकेंच: निष्कांचन मजूर, सात मुलांची आई, वय ३२, ठिकाण निपोमो. नांव विचारलेंच गेलें नव्हतें. त्यांतील एक चित्र जगभर गाजलें आणि महामंदीच्या दैन्याचें जणूं प्रतीक झालें. पुढें सरकारी संग्रहांतील लाखाहून अधिक छायाचित्रांसह तें वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत आलें. पॉल व्हँडरबिल्ट यांनीं हा संग्रह आधीं प्रदेशवार व मग विषयवार लावला होता. कॅलिफोर्निया किंवा स्थलांतरित मजूर शोधणारास तें चित्र मिळूं शके; त्या बाईस शोधणारास मात्र मिळत नसे. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हें तिचें नांव १९७८ सालीं वृत्तपत्रांतून उघड झालें. ती चेरोकी वंशाची होती, हेंहि तोंवर जगास ठाऊक नव्हतें. त्या चित्रापासून आपणांस एक पैसाहि मिळाला नाहीं, अशी तिची तक्रार होती.

जानेवारी २००८ मध्यें याच ग्रंथालयानें सुमारें ३,००० जुनीं छायाचित्रें फ्लिकर या संकेतस्थळावर ठेवून तीं ओळखण्याच्या कामीं लोकांचें साहाय्य घेतलें. लोकांनीं माणसें, रस्ते, इमारती ओळखल्या, आणि तपासणीनंतर त्यांतील शेंकडों दुरुस्त्या ग्रंथालयाच्या सूचींत दाखल झाल्या.

यंत्रासच चित्र वाचावयास शिकवावें, हा दुसरा मार्ग. १९९० नंतरच्या दशकांत आयबीएम कंपनीनें रंग, पोत व आकार यांवरून चित्रें निवडणारी पद्धति तयार केली; पण तांबडा गोल हा मावळता सूर्य कीं एकादें फळ, हें अशा पद्धतीस कळत नसे. २०२१ सालीं पुढें आलेली क्लिप ही पद्धति ४० कोटी चित्रें व त्यांच्या सोबतचे शब्द यांच्या जोड्यांवरून शिकलेली आहे. मुलांना जवळ घेतलेली चिंताक्रांत आई, असें लिहिलें तर तसलीं चित्रें अशा यंत्रांच्या साहाय्यानें क्षणांत समोर येतात. परंतु तें ज्ञानहि माणसांनीं लिहिलेल्या शब्दांतूनच आलेलें आहे. यंत्र आई ओळखील, चिंताहि ओळखील. तिचें नांव कोणीं लिहिलेंच नसेल, तर तें कोठून सांगणार?

घरांतल्या जुन्या छायाचित्राच्या पाठीवर नांव लिहावयास एक शिसपेन्सिल पुरते. मात्र तें मनुष्य समोर असतांनाच विचारून घ्यावें लागतें. निपोमोच्या तळावर तेवढा एक प्रश्न विचारावयाचा राहिला, आणि त्याचें उत्तर मिळावयास ४२ वर्षें लागलीं.