अण्णाभाऊंनी पाहिलेले मॉस्को

परदेशची शहरे पाहावयास पूर्वी संस्थानिक जात, व्यापारी जात, पदवीसाठी विद्यार्थी जात. १९६१ साली मॉस्कोस गेलेले अण्णाभाऊ साठे यांपैकी कोणीच नव्हते. १९२० साली वाटेगावी जन्मलेला हा दीड दिवसाच्या शाळेचा मुलगा पायी मुंबईस आला, गिरणीत राबला, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक अशा माणसाचे आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.

मॉस्कोचा पहिला उल्लेख ११४७ सालचा. क्रेमलिनचा तट, लाल चौक ही जुनी वैभवे. त्यांत १९३५ साली भुयारी रेल्वेची भर पडली. तिच्या स्थानकांना राजवाड्यात शोभावा असा संगमरवर लावलेला! रोज कामावर जाणाऱ्यांसाठी हा थाट पाहून गिरणीकामगाराचे मन भरून यावे, यात नवल ते काय?

परंतु त्याच मॉस्कोला व्होल्गा नदीचे पाणी पुरवणारा कालवा १९३२ ते १९३७ या काळात कैद्यांकडून खणवून घेतला गेला. त्यात हजारो मेले. पाहुण्याला तेव्हा हे कोण सांगणार? आज ते उघड झाले आहे, आणि कामगार चळवळीतल्या माणसाने तर ते मुळीच झाकू नये. राज्य कामगारांच्या नावाने चालले, एवढ्याने घामाचा हिशेब फिटत नाही.

डोळखांबच्या श्रोत्यांना हे फोडून सांगावयास नको. तानसा-भातसाचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. शहरे अवश्य पाहावीत. तिथल्या नळाला पाणी कुठून येते, तेही विचारावे.