पवनचक्कीवाला गणिती: जॉर्ज ग्रीन

इंजिनीअरिंगला असाल किंवा फिजिक्स शिकत असाल, तर 'ग्रीन्स थिअरम' हे नाव कानावरून गेलेलं असणारच. परीक्षेपुरतं पाठही केलं असेल. पण हा ग्रीन कोण, हे वर्गात सहसा कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आजचा भाग त्याच्यावर.

जॉर्ज ग्रीन जन्मला १७९३ साली, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात. वडील बेकरीवाले. आठव्या वर्षी पोराला शाळेत घातलं आणि नवव्या वर्षी काढून बेकरीत कामाला लावलं. झालं, शाळा संपली! पुढे वडिलांनी शेजारच्या स्नेंटन गावात विटांची उंच पवनचक्की बांधली. दळणाचं काम वाऱ्याच्या लहरीवर. वारा सुटला की दिवस असो वा रात्र, चक्कीपाशी हजर राहायचं. त्यातून जो वेळ उरेल तो जॉर्जचा.

त्या वेळात तो काय करत होता? लाप्लास, प्वासाँ यांचं फ्रेंच गणित वाचत होता. हे सोपं नव्हतं. इंग्लंड तेव्हा न्यूटनच्या जुन्या पद्धतीला चिकटून बसलं होतं आणि युरोपातलं नवं गणित इंग्रजांनाच फारसं येत नव्हतं. ग्रीनला ते कुणी शिकवलं, याची नोंद सापडत नाही. १८२३ साली तो गावातल्या वर्गणीच्या वाचनालयाचा सभासद झाला, एवढं पक्कं.

आणि १८२८ साली या माणसाने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तक छापलं. विषय: वीज आणि चुंबकत्वाला गणित कसं लावायचं. किंमत साडेसात शिलिंग. आगाऊ नाव नोंदवून घेणारे गिऱ्हाईक पन्नासेक, त्यातले बरेचसे वाचनालयातले ओळखीचे. त्यातल्या किती जणांना ते समजलं असेल? बहुधा कुणालाच नाही. आपलं शिक्षण बेताचं आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं, अशी विनंती त्याने प्रस्तावनेतच करून ठेवली होती.

आता त्यात होतं काय? एक उदाहरण देतो. शांत तळ्यात एक खडा टाका. लाटा कशा पसरतात ते नीट समजून घ्या. आता पाऊस पडला तर? पाऊस म्हणजे असंख्य खडेच की! एका खड्याचा परिणाम माहीत असेल, तर सगळ्यांची बेरीज करून अख्ख्या पावसाचा परिणाम काढता येतो. या 'एका खड्याच्या उत्तराला' आज ग्रीन्स फंक्शन म्हणतात. दुसरी कल्पना अशी, की एखाद्या जागेच्या आत काय चाललंय आणि तिच्या कडेवर काय चाललंय, यांचं पक्कं नातं असतं. फोन हातात धरून शेताच्या बांधावरून चक्कर मारली की क्षेत्रफळ सांगणारी ॲप्स आहेत ना? फक्त कडेवरून चालून आतली जमीन मोजायची, हे त्याच नात्याचं सपाट रूप.

पुस्तक गेलं, पण कुठूनच प्रतिसाद नाही. अपवाद एकच: सर एडवर्ड ब्रॉमहेड नावाचे जमीनदार. ते स्वतः केंब्रिजमध्ये गणित शिकलेले. त्यांनी पत्र पाठवून मदत देऊ केली. पण मोठी माणसं असं नुसतं रीत म्हणून लिहितात, उत्तर देऊ नये, असं कुणीतरी ग्रीनला सांगितलं. त्याने ते ऐकलं आणि जवळजवळ दोन वर्षं गप्प बसला! शेवटी धीर करून उत्तर लिहिलं. मग ब्रॉमहेडनी त्याचे पुढचे निबंध छापून आणले आणि त्याला केंब्रिजला जायला लावलं.

१८३३ साली, चाळिसाव्या वर्षी, ग्रीन पोरांच्या वर्गात जाऊन बसला. १८३७ साली तो चौथा रँग्लर झाला. रँग्लर शब्द आपल्या ओळखीचा आहे: १८९९ साली आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ज्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, तीच ही परीक्षा. ग्रीनला फेलोशिपही मिळाली. ती फक्त अविवाहितांना मिळायची. चक्कीच्या कारभाऱ्याची मुलगी जेन स्मिथ हिच्यापासून त्याला सात मुलं होती, पण त्यांचं लग्न कधीच झालं नव्हतं. पुढे तब्येत ढासळली, तो घरी परतला आणि १८४१ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. आपल्या पुस्तकाचं पुढे काय झालं, हे त्याला कधीच कळलं नाही.

१८४५ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, त्या पुस्तकाच्या शोधात होते. एका लेखात त्यांनी उल्लेख वाचला होता. दुकानांत मिळेना. शेवटी पॅरिसला निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्याच शिक्षकांकडे, हॉपकिन्सकडे, प्रती निघाल्या. पॅरिसमध्ये ल्यूव्हिल आणि स्टुर्म हे नामांकित गणिती ते वाचून थक्क झाले. आपण वर्षानुवर्षं खपून मिळवलेली उत्तरं या चक्कीवाल्याने आधीच लिहून ठेवलेली! मग थॉमसननी ते १८५० पासून जर्मनीच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात पुन्हा छापून आणलं.

विसाव्या शतकात ज्युलियन श्विंगरनी क्वांटम भौतिकात ग्रीन्स फंक्शनचा भरपूर वापर केला. श्विंगरना १९६५ साली नोबेल मिळालं. १९९३ साली, ग्रीनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनजवळ त्याच्या नावाची फरशी बसली. स्नेंटनची पवनचक्की दुरुस्त झाली आहे आणि तिथे आजही पीठ दळलं जातं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खटकतं ते हॉपकिन्सचं कपाट. ज्या विद्यापीठात ग्रीन शिकला, तिथेच त्याचं पुस्तक पडून होतं आणि ते मागायला कुणी आलं नव्हतं. हुशारी ग्रीनकडे होतीच. पण एका जमीनदाराने पत्र लिहिलं आणि एका विद्यार्थ्याने चिकाटीने पुस्तक शोधलं, म्हणून आपण आज त्याचं नाव घेतोय. तुमच्या गावातही असं एखादं कपाट असेल तर उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!