रानातली फुले, डोंगरावरचे प्रवचन आणि लहान मंडळ्या



आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने प्रश्न विचारला. "पहाटे संत्र्याच्या बागेत उभा राहिलो की देव अगदी जवळ वाटतो. रविवारी उपासनेला मात्र तीच दहाबारा माणसे आणि तीच गाणी. मग बागेतच प्रार्थना केली तर काय बिघडले?" वर्गात बसलेले एक निवृत्त गुरुजी ताडकन म्हणाले, "ही युनिटेरियन लोकांची वाट आहे. त्रैक्य सोडले की माणूस असाच झाडाझुडपांत देव शोधत बसतो."

दोघांचेही बोलणे मनापासूनचे होते. म्हणून घाईने उत्तर देण्यापेक्षा इतिहासात थोडे मागे जाऊन पाहावे असे वाटले.

देव एकच आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे त्रैक्य नाही, असे मानणारे ते युनिटेरियन. येशू त्यांना थोर गुरू वाटतो. आपला विश्वास याहून वेगळा आहे आणि हा फरक किरकोळ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण या लोकांचा मराठी मुलखाशी जुना संबंध आहे. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टल येथे वारले. तिथले युनिटेरियन उपदेशक लँट कार्पेंटर हे त्यांचे स्नेही. लँट यांची मुलगी मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये भारतात आली. लँट यांचे नातू एस्टलिन कार्पेंटर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवीत. तिथे १९०१ ते १९०३ या काळात युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर एक मराठी विद्यार्थी शिकत होता. तो म्हणजे जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे. परत आल्यावर ते मुंबईच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. झाडाझुडपांत देव शोधणारे म्हणून ज्यांना आपण हसतो, त्यांच्याकडे शिकून आलेला माणूस वस्तीत जाऊन शाळा काढतो, हे गुरुजींनाही मान्य करावे लागेल.

गुरुजींच्या मनात बहुधा अमेरिकेतले एमर्सन असावेत. बोस्टनच्या युनिटेरियन मंडळीचे ते पाळक होते. प्रभुभोजनाचा विधी आपल्याला पटत नाही म्हणून त्यांनी १८३२ मध्ये पद सोडले आणि १८३६ मध्ये निसर्गावर एक लहान पुस्तक लिहिले. त्यांचे तरुण मित्र थोरो १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिले, तीही एमर्सन यांच्याच जमिनीवर. (ते मधूनमधून गावात जेवायलाही जात. एकांताच्या गोष्टी वाचताना एवढे ध्यानात असावे.) या दोघांचे लिखाण सुंदर आहे. पण त्यांच्या वाटेवर मंडळी हळूहळू मागे पडत जाते आणि शेवटी माणूस व आकाश एवढेच उरते, असे मला वाटते. माझा आक्षेप असला तर तो इथे आहे.

आपल्याच देशातले युनिटेरियन मात्र वेगळ्या वाटेने गेले. खासी टेकड्यांत हाजोम किस्सोर सिंग नावाचा एक तरुण होता. तिथे वेल्समधले मिशनरी १८४१ पासून काम करीत होते, आणि हा मुलगा त्यांच्याच मंडळीत ख्रिस्ती झाला होता. पुढे त्याला त्या शिकवणीत शंका आल्या. कलकत्त्यातले अमेरिकन युनिटेरियन मिशनरी चार्ल्स डॉल यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार झाला. १८ सप्टेंबर १८८७ रोजी जोवाई येथे त्याने आपली पहिली उपासना घेतली. जमलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. भुताखेतांचे भय जावे, पण सृष्टिकर्त्या एका देवाविषयी खासी लोकांना वाडवडिलांपासून जे ठाऊक होते ते फेकून दिले जाऊ नये, ही त्याची धडपड होती. त्याच टेकड्यांत मावफ्लांगची देवराई आहे. तिथले पानही तोडून न्यायचे नाही असा जुना दंडक आहे. अशा मुलखात रान आणि देव यांची फारकत कोणाला सुचणार? पण हाजोम किस्सोर रानात एकटा जाऊन बसला नाही. त्याने माणसे गोळा केली आणि खासी भाषेत गीते लिहिली. ती मंडळी आजही १८ सप्टेंबर हा दिवस पाळते. त्याच्या सिद्धांताशी आपण सहमत नाही. तरी आमच्यासारख्या दहाबारा माणसांच्या मंडळीला त्याच्याकडून धीर घेता येतो.

आता आपल्या भागाकडे येऊ. पांढुर्ण्याहून गाडी मुलताईकडे निघाली की सातपुडा चढू लागतो. मुलताईला उगम पावणारी तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. त्याच तालुक्यातली वर्धा दक्षिणेला वळते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. आमची जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, म्हणजे तीही गोदावरीचीच. असा हा दोन समुद्रांच्या मधला उंबरठा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले, म्हणून भाषेचाही उंबरठा इथेच. पण नागपूर हेच आमचे मोठे गाव, आणि नागपूरच्या ख्रिस्ती इतिहासाची सुरुवात ज्यांच्यापासून होते त्या स्टीफन हिस्लॉप यांना निसर्गाचे विलक्षण वेड होते.

हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून नागपूरला आले. त्रैक्यावर त्यांचा पक्का विश्वास होता, हे गुरुजींसाठी मुद्दाम सांगतो. शाळा चालवावी, बाजारात शुभवर्तमान सांगावे आणि प्रवासात हातात हातोडी घेऊन खडक फोडत बसावे, असा त्यांचा क्रम. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरजवळच्या टाकळी येथे काळ्या दगडांच्या थरांमध्ये दबलेल्या वनस्पतींचे आणि शिंपल्यांचे अवशेष शोधले. ज्वालामुखीच्या दोन लाव्हांच्या मधल्या काळात इथे तळी होती, त्यांत जीव होते, हे त्या दगडांनी सांगितले. असेच अवशेष आमच्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलाँ येथेही सापडतात. गोड्या पाण्यातल्या एका बारीक जीवाला शास्त्रज्ञांनी हिस्लॉपिया असे नाव दिले आहे. गोंड लोकांची गाणी आणि चालीरीतीही हिस्लॉप यांनी कष्टाने टिपून ठेवल्या. ते टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापले गेले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना, वाटेतल्या नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. ज्या मातीचा त्यांनी एवढा अभ्यास केला तिच्याच पाण्यात अंत झाला. सृष्टी सुंदर आहे, पण ती माणसाला ओळखत नाही. ओळखतो तो तिचा कर्ता. ज्यांच्या बागेवर गारपीट होऊन गेली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

हिस्लॉप गेले त्यानंतर तीस वर्षांनी याच नागपूरहून एक मराठी कवी रेल्वेने राजनांदगावला निघाला होता. नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्याकडे ते वैदिक ग्रंथांचे काम करीत. पुढे महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणू लागला, आणि रानातल्या फुलावरची त्यांची 'वनवासी फूल' ही दीर्घ कविता प्रसिद्धच आहे. १८९३ च्या त्या प्रवासात डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने नवा करार हातात ठेवला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी येऊन थांबले. डोंगरावरचे प्रवचन त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यासाठी घर तुटले. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या, त्यांची कथा 'स्मृतिचित्रे'त आहेच.

टिळकांना बांधून ठेवणारे ते प्रवचन पाहा. आकाशातली पाखरे पेरीत नाहीत, रानातली भूकमळे कात नाहीत, तरी पिता त्यांची काळजी घेतो. भूकमळ आमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही. आमच्याकडे पळस आहे. उपवासकाळ सुरू होतो त्या सुमारास एकही पान नसलेल्या फांद्यांवर तो पेटतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी जामच्या पात्रात रोवतात तोही पळसच. त्याच झाडाखाली माणसे एकमेकांची डोकी फोडतात. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी शेतकरी हिवाळ्यात बागेचे पाणी तोडतो. त्याला आपण ताण देणे म्हणतो. पाने मलूल होतात, बघणाऱ्याला वाटते बाग गेली, आणि मग पाणी दिले की झाड फुलाने भरून जाते. येशू आमच्या तालुक्यात बोलला असता तर त्याने यातलेच काही दाखवले असते. पण तो हे बोलत होता तेव्हा समोर कोण होते? शिष्य आणि लोकांचा मोठा समुदाय. पाखरांकडे पाहा हे त्याने घोळक्याला सांगितले. ऐकणारा प्रत्येक जण उद्याच्या भाकरीच्या काळजीने आलेला होता आणि शेजारच्याची काळजीही त्याला दिसत होती.

एकोणिसावे स्तोत्र याच अंगाने वाचून पाहा. पहिली सहा वचने आकाश, दिवस, रात्र आणि सूर्य यांची आहेत. सातव्या वचनाला कवी एकदम परमेश्वराच्या नियमशास्त्राकडे वळतो, आणि शेवटी स्वतःच्या गुप्त दोषांची क्षमा मागतो. सूर्याने त्याला ते दोष दाखवले नव्हते, वचनाने दाखवले. तरुणाच्या प्रश्नाला माझे उत्तर याच्या आसपास आहे: बागेत जरूर जा, पण स्तोत्र अर्ध्यावर सोडू नकोस.

टिळकांनी स्वतः बाग आणि मंडळी दोन्ही धरून ठेवली. अहमदनगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे घरच्या मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते आणि टिळकांच्या मायेला त्याची अट नव्हती. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे काम सोडले, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे यावेत अशी त्यांची इच्छा होती. हे कित्येकांना धोक्याचे वाटले. आजही वाटेल, कारण बाप्तिस्मा ही आज्ञा आहे, सोय नाही, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत यायला किती वेळ द्यायचा, हा टिळकांचा प्रश्न त्याने मिटत नाही. आमच्या गावातही उपासनेच्या वेळी दाराशी उभी राहून गाणी ऐकणारी माणसे आहेत.

दरबाराला दोन वर्षे होतात न होतात तोच, ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला नेल्या. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांची कितीतरी पदे आपल्या 'उपासना संगीता'त आहेत. आमच्याकडे पेटी वाजवणारे कोणी नसले तर टाळ्यांवरच म्हणतो, आणि त्या पदांना ते चालते.