उडत्या तबकड्यांच्या दप्तरातील फुगा

उडत्या तबकड्यांच्या ज्या लष्करी नोंदी गोपनीयता उठवून टप्प्याटप्प्याने खुल्या करण्यात आल्या, त्यांत परग्रहवासी कोठेही सापडत नाहीत, फुगे मात्र वारंवार भेटतात. आणि अतिउंचीवर उपकरणे वाहून नेणाऱ्या या मानवरहित फुग्याची कुळकथा अमेरिकेच्या वाळवंटातून निघून कोल्हापूरच्या एका खगोलशास्त्रज्ञापर्यंत येऊन पोहोचते.

24 जून 1947 रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या आणि वृत्तपत्रांनी त्यांना ‘उडत्या तबकड्या’ ठरवले. पंधरवड्याच्या आतच, 8 जुलैला, न्यू मेक्सिकोतील रॉझवेल हवाई तळाने अशी तबकडी हाती लागल्याचे जाहीर केले, आणि लगोलग वरिष्ठांनी तो हवामान खात्याचा साधा फुगा असल्याचा खुलासा केला. खुलासाही पुरता खरा नव्हता. 1994 मध्ये अमेरिकी हवाई दलाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार ते अवशेष ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पातील होते. वातावरणाच्या वरच्या थरात ध्वनी फार दूरवर वाहून नेणारा एक पट्टा असतो, त्यात रबरी फुग्यांची माळ तरंगत ठेवून सोव्हिएत अणुचाचणीचा आवाज टिपावा, अशी ती योजना होती. मात्र तळावरील अधिकाऱ्यांना तिचा पत्ताच नसल्याने एका खात्याने आकाशात सोडलेली वस्तू दुसऱ्या खात्याला अनोळखी ठरली.

रबरी फुगा उन्हाने लवकर जीर्ण होई आणि एका उंचीवर टिकत नसे. ही अडचण दूर केली पातळ पॉलिथिनने. 25 सप्टेंबर 1947 रोजी मिनेसोटात ‘स्कायहूक’ मालिकेतील पहिला मोठा प्लास्टिक फुगा सोडण्यात आला, आणि पुढे विश्वकिरणांच्या, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या अतिऊर्जायुक्त कणांच्या, अभ्यासासाठी असे फुगे रूढ झाले. 7 जानेवारी 1948 रोजी केंटकीच्या आकाशात एका अज्ञात वस्तूचा पाठलाग करताना कॅप्टन थॉमस मँटेल विमान कोसळून मरण पावला, तेव्हा अधिकाऱ्यांनी प्रथम शुक्र ग्रहाकडे बोट दाखवले; ती वस्तू बहुधा स्कायहूक असावी, हे मत नंतरचे, कारण नौदलाचा तो उपक्रम तेव्हा गुप्त होता. ‘साइन’, ‘ग्रज’ आणि ‘ब्लू बुक’ या एकापाठोपाठ एक निघालेल्या चौकशी-प्रकल्पांत 1969 पर्यंत 12,618 घटनांची नोंद झाली व त्यांपैकी 701 घटनांचा उलगडा झाला नाही. ब्रिटनने आपली दप्तरे 2008 ते 2013 या काळात खुली केली. या सर्व कागदांतील गूढाचा बराच भाग आकाशातून नव्हे, तर सरकारच्या मौनातून जन्मला, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे: यू-2 या हेरगिरी विमानाची उड्डाणे लपवण्यासाठी नागरिकांना दिशाभूल करणारी उत्तरे दिली गेल्याचे सीआयएच्या इतिहासकारानेच 1997 मध्ये लिहिले.

आकाशात दिसलेली अनोळखी वस्तू नेमकी कोणती, या प्रश्नाला भारतात वेगळे उत्तर मिळाले. 2012-13 च्या सुमारास लडाखमध्ये सीमेवरील सैनिकांना रोज दिसणारे प्रकाशबिंदू चिनी टेहळणीची साधने असावीत, असा संशय बळावला, तेव्हा लष्कराने भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांचे साहाय्य घेतले आणि ते बिंदू गुरू व शुक्र निघाले. केंटकीत चुकलेला शुक्र येथे मात्र खरा ठरला!

प्लास्टिकच्या फुग्याने भारतात मूळ धरले ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेमुळे. तिच्या हैदराबाद येथील केंद्रातून सोडलेली उपकरणे हवाई छत्रीने दूरच्या शिवारांत उतरतात, म्हणून त्यांना हात न लावण्याच्या सूचना आधीच प्रसिद्ध केल्या जातात. 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी याच केंद्रातून पृथ्वीबाहेरच्या जीवनाचा शोध घेतला. जीवनाची बीजे अंतराळातून पृथ्वीवर येत असावीत, या त्यांचे गुरू फ्रेड हॉइल व चंद्र विक्रमसिंघे यांच्या मताची ती परीक्षा होती. 2001 च्या पहिल्या प्रयोगानंतर 20 एप्रिल 2005 रोजी 459 किलो वजनाची सामग्री घेऊन फुगा पुन्हा चढला. तिच्यात 38 किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या निर्जंतुक, निर्वात नळ्या होत्या; झडप उघडताच आत शिरलेली हवा त्या थंडीने गोठे व नमुना साठत जाई. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरील या नमुन्यांत जिवाणूंच्या 12 व बुरशीच्या 6 वसाहती आढळल्या. तीन जिवाणू नवीन निघाले व त्यांना हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे मिळाली. ते पृथ्वीबाहेरून आल्याचे मात्र निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे 2009 मध्ये निष्कर्ष जाहीर करतानाच नमूद करण्यात आले.